संरक्षण खरेदीची बातमी कशी वाचावी: घोषणा, करार आणि हातात पडणारा पैसा

वर्तमानपत्रात ‘लष्करासाठी हजारो कोटींची खरेदी मंजूर’ असा मथळा आला की शेअर बाजारात संरक्षण कंपन्यांचे भाव त्याच दिवशी हलतात, नाशिकच्या अंबड-सातपूरपासून पुण्याच्या भोसरीपर्यंतच्या लघुउद्योजकांचे दूरध्वनी वाजू लागतात आणि राजकीय पक्ष श्रेयाच्या पत्रकार परिषदा घेतात. त्या मथळ्यामागचा पैसा मात्र कंपनीच्या खात्यात यायला कधी दोन वर्षे लागतात, कधी दहा, आणि कधी तो येतच नाही. या उद्योगाला ग्राहक जवळजवळ एकच असतो, तो ग्राहक म्हणजे सरकार असते आणि त्या सरकारला अर्थसंकल्प, निवडणुका, परराष्ट्र संबंध आणि विरोधी पक्ष या सर्वांचे भान ठेवावे लागते. म्हणून येथील बातमी वाचण्याची पद्धत साबण किंवा मोटारी विकणाऱ्या कंपनीच्या बातमीपेक्षा वेगळी ठेवावी लागते. गुंतवणूकदार, पुरवठादार किंवा नुसता जिज्ञासू वाचक यांपैकी कोणालाही उपयोगी पडेल अशी ती पद्धत भारतातील उदाहरणांच्या आधारे येथे मांडली आहे.

बातमी कोणत्या पायरीवरची आहे, ते आधी ठरवा

भारतातील संरक्षण खरेदी ठरलेल्या पायऱ्यांनी पुढे सरकते. सेनादल आपली गरज मांडते. संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील संरक्षण खरेदी परिषद, म्हणजे डीएसी, त्या गरजेला स्वीकृती देते आणि या स्वीकृतीला व्यवहारात एओएन म्हणतात. त्यानंतर प्रस्ताव मागवण्याची कागदपत्रे, म्हणजे आरएफपी, निघतात. कंपन्यांचे तांत्रिक मूल्यमापन होते, वाळवंटात, बर्फात आणि समुद्रात चाचण्या होतात, मग किमतीचे लिफाफे उघडून सर्वांत कमी बोली लावणारा, म्हणजे एल-१, ठरतो. त्याच्याशी वाटाघाटी होतात आणि मोठ्या व्यवहारांच्या बाबतीत पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीची मंजुरी लागते. या सगळ्यानंतर करारावर सही होते. वर्तमानपत्रांत ‘मंजुरी’ हा शब्द डीएसीच्या निर्णयालाही वापरतात आणि मंत्रिमंडळ समितीच्या निर्णयालाही, पण या दोन्हींमध्ये कित्येक वर्षांचे अंतर असू शकते. डीएसीची स्वीकृती म्हणजे सरकारने ‘आम्हाला हे हवे आहे’ एवढेच मान्य केलेले असते. त्यात कोणत्याही कंपनीला काही देण्याची बांधिलकी नसते आणि ठरलेल्या मुदतीत आरएफपी निघाली नाही तर ती स्वीकृतीही बाद होऊ शकते.

पुण्यातच घडलेले अटॅग्स तोफेचे उदाहरण येथे सर्वांत बोलके आहे. १५५ मिलिमीटर, ५२ कॅलिबरच्या या ओढत्या तोफेचा प्रकल्प डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या पाषाण येथील एआरडीई या आस्थापनेने २०१३ मध्ये हाती घेतला आणि पुण्याची भारत फोर्ज व टाटा समूह हे त्याचे उत्पादन-भागीदार झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये डीएसीने १५० तोफांच्या खरेदीला स्वीकृती दिली, तेव्हा मथळे मोठे होते. सप्टेंबर २०२० मध्ये पोखरण येथे चाचणी चालू असताना एका तोफेची नळी फुटली आणि काम मागे पडले. मार्च २०२३ मध्ये संख्या ३०७ करून नवी स्वीकृती घेण्यात आली. करारावर सही झाली ती २६ मार्च २०२५ रोजी. तोफा आणि त्या ओढणारी वाहने मिळून किंमत सुमारे ६,९०० कोटी रुपये ठरली आणि तोफांची सुमारे साठ टक्के मागणी भारत फोर्जकडे तर उरलेली टाटांकडे गेली. पहिल्या स्वीकृतीपासून करारापर्यंत साडेसहा वर्षांहून अधिक काळ लोटला आणि करारानंतरही तोफा काही वर्षांत टप्प्याटप्प्याने द्यायच्या आहेत. २०१८ चा मथळा वाचून ज्याने पुढच्या वर्षाच्या नफ्याचे गणित मांडले असेल, त्याचे गणित तोफ वाईट होती म्हणून चुकले नाही, तर ती बातमी अगदी खालच्या पायरीची होती म्हणून चुकले.

म्हणून कोणतीही बातमी हातात आली की तिच्यात चार गोष्टी शोधाव्यात: निर्णय कोणी घेतला, आधीच्या कोणत्या निर्णयाला तो पुढे नेतो, कंपनीचे नाव त्यात अधिकृतपणे आहे की केवळ अंदाजाने जोडले आहे, आणि पुरवठ्याची मुदत दिली आहे का. संरक्षण मंत्रालयाची निवेदने पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर मिळतात आणि नोंदणीकृत कंपनीला मोठा करार झाल्यास शेअर बाजाराला कळवावे लागते. ही दोन्ही निवेदने प्रत्येकी दहा मिनिटांत वाचून होतात. दूरचित्रवाणीवरील चर्चेपेक्षा ती कितीतरी कंटाळवाणी असतात आणि म्हणूनच अधिक भरवशाची असतात.

अर्थसंकल्पाचा मोठा आकडा बाजूला ठेवा

फेब्रुवारीत अर्थसंकल्प सादर होतो तेव्हा संरक्षणासाठीची एकूण तरतूद मथळ्यात येते. २०२५-२६ साठी ती ६,८१,२१० कोटी रुपये होती. यातील फार मोठा वाटा वेतन, दैनंदिन खर्च आणि निवृत्तिवेतन यांत जातो. एकट्या निवृत्तिवेतनासाठी १,६०,७९५ कोटी रुपये ठेवले होते. उद्योगाच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो भांडवली खर्च, जो त्या वर्षी १,८०,००० कोटी होता. त्यातही नवी सामग्री घेण्यासाठीचा भाग १,४८,७२२ कोटींचा होता आणि त्यापैकी ७५ टक्के, म्हणजे सुमारे १,११,५४४ कोटी रुपये, देशांतर्गत खरेदीसाठी राखले होते. आपल्या विश्लेषणाची सुरुवात या शेवटच्या आकड्यापासून करावी.

पण येथेही एक मेख आहे. भांडवली तरतुदीचा बराचसा भाग आधीच्या वर्षांत झालेल्या करारांचे हप्ते भरण्यात जातो. परदेशी कराराचे हप्ते डॉलर किंवा युरोत असतील आणि रुपया घसरला, तर नवीन खरेदीसाठी उरणारी रक्कम आपोआप आक्रसते. तरतूद वाढली पण नवीन करारांना जागा उरली नाही, असे त्यामुळे होऊ शकते. याउलट अर्थसंकल्पात दिलेले पैसे वर्षअखेरीस खर्च झालेच नाहीत तर ते परत जातात. म्हणून फेब्रुवारीत नव्या अंदाजांबरोबर येणारे चालू वर्षाचे सुधारित अंदाज जरूर पाहावेत. मंत्रालयाला दिलेले पैसे खरोखर खर्च करता आले का, ते तेथे कळते.

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपत असल्यामुळे करारांचा हंगाम ठरून गेलेला आहे. अटॅग्सच्या करारानंतर दोनच दिवसांनी, २८ मार्च २०२५ रोजी, हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणजे एचएएलला १५६ ‘प्रचंड’ हेलिकॉप्टरांची सुमारे ६२,७०० कोटींची मागणी मिळाली. २०२४-२५ या पूर्ण वर्षात मंत्रालयाने १९३ करार केले आणि त्यांची एकूण किंमत २,०९,०५० कोटी रुपये होती. मार्चमध्ये सलग घोषणा झाल्या म्हणून उद्योगात अचानक तेजी आली, असा अर्थ काढू नये. त्यातील बहुतेक कागद वर्षभर टेबलावर फिरत होते.

राजकारण कुठे कुठे शिरते

राजकारण म्हणजे निवडणूक एवढाच अर्थ घेतला तर निम्मे चित्र सुटते. सर्वांत खोल परिणाम घोटाळ्याच्या भीतीचा होतो. १९८६ मध्ये स्वीडनच्या बोफोर्सकडून ४१० तोफा घेण्याचा करार झाला. १९८७ च्या एप्रिलमध्ये स्वीडिश रेडिओने दलालीची बातमी दिली आणि १९८९ च्या निवडणुकीत सत्तांतर झाले. त्यापुढे सुमारे तीन दशके लष्कराला १५५ मिलिमीटरची नवी ओढती तोफ बाहेरून मिळाली नाही. अमेरिकेच्या १४५ एम-७७७ तोफांचा करार झाला तो नोव्हेंबर २०१६ मध्ये. गंमत अशी की बोफोर्सबरोबर आलेली तंत्रज्ञानाची कागदपत्रे जबलपूरमध्ये पडूनच होती आणि ‘धनुष’ तोफ पुढे त्यांच्याच आधारे घडली.

त्याच काळातल्या दुसऱ्या वादाची झळ मुंबईला लागली. जर्मन एचडीडब्ल्यू पाणबुड्यांच्या व्यवहारात दलालीचे आरोप झाले आणि माझगाव डॉकने बांधलेल्या ‘शाल्की’ (१९९२) व ‘शंकुल’ (१९९४) या दोन पाणबुड्यांनंतर ती उत्पादनसाखळी थांबली. पाणबुडीच्या कवचाचे जोडकाम करणारे कारागीर दोन-चार महिन्यांच्या प्रशिक्षणात तयार होत नाहीत. ऑक्टोबर २००५ मध्ये सहा स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार झाला, तेव्हा गोदीला बरेचसे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले. ‘कलवरी’ नौदलात आली डिसेंबर २०१७ मध्ये आणि सहावी ‘वागशीर’ जानेवारी २०२५ मध्ये. संरक्षण उद्योगात निर्णय न घेण्याचीही किंमत असते. ती कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, पण ती पुढच्या पिढीला चुकवावी लागते.

म्हणून एखाद्या व्यवहारावर संसदेत गदारोळ सुरू झाला की तो व्यवहार कोणत्या पद्धतीने झाला, ते पाहावे. १२६ लढाऊ विमानांची स्पर्धात्मक निविदा २००७ मध्ये निघाली आणि २०१२ मध्ये राफेलची निवड झाली, तरी करार होऊ शकला नाही. २०१५ मध्ये ती प्रक्रिया गुंडाळून दोन सरकारांमधील थेट व्यवहाराने सप्टेंबर २०१६ मध्ये ३६ राफेल घेण्यात आली. थेट व्यवहार लवकर होतो, पण त्यावर राजकीय आरोपांची शक्यता अधिक असते. निविदा सुरक्षित वाटते, पण ती वर्षानुवर्षे रेंगाळते. पुरवठादाराने दोन्ही प्रकारांत आपल्या खेळत्या भांडवलाचा वेगळा हिशेब मांडायला हवा.

राज्याराज्यांतील चढाओढही आता या उद्योगाचा भाग झाली आहे. हवाई दलासाठी ५६ सी-२९५ वाहतूक विमानांचा करार सप्टेंबर २०२१ मध्ये झाला. त्यातील ४० विमाने भारतात टाटा बांधणार आहेत आणि त्यासाठीच्या वडोदरा येथील कारखान्याची पायाभरणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली. हा प्रकल्प नागपूरच्या मिहानमध्ये यावा अशी चर्चा असल्यामुळे महाराष्ट्रात मोठे राजकीय वादळ उठले आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांवर बोट दाखवले. लघुउद्योजकाने या वादात वेळ घालवू नये. विमानाची अंतिम जुळणी एका शहरात होत असली तरी सुटे भाग अनेक ठिकाणी बनतात, आणि त्याच्या कामाचा प्रश्न एवढाच आहे की मुख्य कंपनीच्या मान्यताप्राप्त पुरवठादारांच्या यादीत येण्यासाठी कोणती प्रमाणपत्रे लागतात व ती मिळवायला किती काळ आणि किती पैसा लागतो.

इंजिन कुठून येते, हे विचारा

आपल्याकडे ‘स्वदेशी’ हा शब्द बातमीत आला की पुढचे प्रश्न विचारायचे राहून जातात. तेजस मार्क-१ए हे लढाऊ विमान त्याचे ठळक उदाहरण आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये एचएएलला ८३ विमानांची मागणी मिळाली, तिची किंमत सुमारे ४८,००० कोटी रुपये होती आणि पुरवठा २०२४ च्या मार्चअखेरीस सुरू व्हायचा होता. या विमानाचे एफ-४०४ इंजिन अमेरिकेची जीई कंपनी बनवते. आधीची मागणी पुरी झाल्यावर त्या इंजिनाची उत्पादनसाखळी काही वर्षे बंद होती. ती पुन्हा सुरू करताना सुट्या भागांच्या पुरवठादारांच्या अडचणी आल्या आणि ९९ इंजिनांपैकी पहिले भारताला मिळाले ते २०२५ च्या मार्चअखेरीस. अमेरिकेतील एका कारखान्यातल्या खोळंब्याने बंगळुरूच्या कंपनीचे वेळापत्रक आणि भारतीय हवाई दलाच्या स्क्वाड्रनांचे गणित दोन्ही मागे ढकलले.

हा खोळंबा धोरणाचा होता की निव्वळ व्यापारी, यावर तर्ककुतर्क खूप झाले. वाचकाच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम सारखाच असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ तेजसची ६२,३७० कोटींहून मोठी मागणी आली आणि ऑक्टोबरमध्ये नाशिकजवळच्या ओझर येथे तेजसच्या तिसऱ्या उत्पादनसाखळीचे उद्घाटन झाले. मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंत विमाने घडवलेल्या ओझरसाठी ही मोठीच गोष्ट आहे. तरीही विमाने तयार होण्याचा वेग साखळ्यांच्या संख्येइतकाच दर महिन्याला येणाऱ्या इंजिनांवर अवलंबून राहील, हे ध्यानात ठेवावे. म्हणून प्रत्येक मोठ्या प्रकल्पासाठी एक छोटी यादी करावी: इंजिन, रडार, क्षेपणास्त्र आणि विशेष मिश्रधातू कोणत्या देशातून येतात आणि त्या देशाशी आपले संबंध सध्या कसे आहेत. रशियाकडून एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेण्याचा ५.४३ अब्ज डॉलरांचा करार ऑक्टोबर २०१८ मध्ये झाला, तेव्हा अमेरिकी निर्बंधांची टांगती तलवार होती. तीच यंत्रणा घेतलेल्या तुर्कस्तानवर डिसेंबर २०२० मध्ये निर्बंध लागलेही. भारतावर ते लागले नाहीत, पण २०२२ मध्ये सुरू झालेल्या युक्रेन युद्धाने पुरवठ्याचे वेळापत्रक विस्कटले.

निर्यातीलाही हाच नियम लागू होतो. भारताची संरक्षण निर्यात २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी होती आणि २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर गेली. ही वाढ खरी आहे. पण शस्त्रांच्या निर्यातीला दर वेळी सरकारची परवानगी लागते, आणि ब्रह्मोस क्षेपणास्त्रासारख्या संयुक्त उत्पादनात भागीदार देशाचे, म्हणजे रशियाचे, मतही विचारात घ्यावे लागते. फिलिपिन्सने जानेवारी २०२२ मध्ये सुमारे ३७.५ कोटी डॉलरांचा ब्रह्मोसचा करार केला, त्यामागे दक्षिण चीन समुद्रातील वाद हे मोठे कारण होते. परराष्ट्र धोरणाचे पान न वाचता केवळ कंपनीच्या निर्यातीचा आलेख पाहणे अपुरे ठरते.

बाजार काय मोजतो

शेअर बाजार भविष्याची किंमत आज लावतो आणि या क्षेत्रात ते भविष्य फार लांबचे असते. त्यामुळे भाव आणि मागण्या उलट दिशांनाही चालू शकतात. एचएएलचा भाव जुलै २०२४ मध्ये साडेपाच हजारांच्या वर गेला होता आणि मार्च २०२५ च्या सुरुवातीला तो तीन हजारांच्या आसपास उतरला होता. त्याच मार्चच्या शेवटी कंपनीला ‘प्रचंड’ची विक्रमी मागणी मिळाली. भाव पडत असताना मागणी पुस्तकाला, म्हणजे हाती असलेल्या पण अजून पुरवायच्या असलेल्या मागण्यांना, धक्का लागला नव्हता. आधीच्या भावात पुढच्या कित्येक वर्षांचे यश मोजून झाले होते आणि इंजिनाअभावी विमाने मात्र बाहेर पडत नव्हती.

निवडणूक आणि युद्ध या दोन प्रसंगी बाजार सर्वाधिक भावुक होतो. ४ जून २०२४ रोजी लोकसभेच्या निकालात सत्ताधारी पक्षाला एकट्याच्या बळावर बहुमत मिळत नाही असे दिसताच निफ्टी जवळपास सहा टक्के घसरला आणि संरक्षण क्षेत्रातील सरकारी कंपन्यांचे भाव त्याहून कितीतरी अधिक कोसळले. झालेले करार त्या दिवशी होते तसेच होते. मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर उलट घडले आणि या कंपन्यांचे भाव झपाट्याने चढले. त्यानंतर जूनमध्ये मंत्रालयाने तातडीच्या खरेदीचे १३ करार जाहीर केले, त्यांची एकूण रक्कम होती १,९८१.९० कोटी रुपये. वर उल्लेखलेल्या १,४८,७२२ कोटींच्या शेजारी हा आकडा मांडून पाहावा. युद्धाने साठे संपतात आणि दीर्घकालीन धोरण बदलू शकते, हे खरे. पण लढाईनंतरच्या आठवड्यात चढलेला भाव हा त्या आठवड्यातल्या खरेदीचा हिशेब नसतो. धोरण खरोखर बदलले तर काय होते, ते जर्मनीत दिसले. २७ फेब्रुवारी २०२२ रोजी तेथील चॅन्सेलरांनी सैन्यासाठी १०० अब्ज युरोंचा विशेष निधी जाहीर केला, त्यासाठी राज्यघटनेत दुरुस्ती झाली आणि त्या वेळी शंभर युरोंच्या आसपास असलेला राइनमेटाल या जर्मन शस्त्रास्त्र कंपनीचा भाव तीन वर्षांत हजारावर गेला.

सरकारी कंपन्यांत आणखी एक गोष्ट तपासावी. येथे मुख्य ग्राहक आणि मुख्य मालक दोन्ही सरकारच असते. भाव चढले की मालक आपला काही हिस्सा ऑफर फॉर सेलद्वारे विकू शकतो आणि ती विक्री बाजारभावापेक्षा कमी दराने होते. मार्च २०२३ मध्ये एचएएलचा हिस्सा किमान २,४५० रुपये दराने आणि एप्रिल २०२५ मध्ये माझगाव डॉकचा हिस्सा किमान २,५२५ रुपये दराने विकायला काढला, तेव्हा दोन्ही वेळा भाव खाली आला. जेथे सरकारचा हिस्सा अजून ७५ टक्क्यांच्या वर आहे, तेथे किमान सार्वजनिक भागधारणेच्या नियमामुळे अशी विक्री पुढेही होत राहणार, हे गृहीत धरावे.

कंपनीचा वार्षिक अहवाल उघडल्यावर मागणी पुस्तकाच्या आकड्यावर थांबू नये. त्या आकड्याला वार्षिक विक्रीने भागावे, म्हणजे किती वर्षांचे काम हातात आहे ते कळते. मग गेल्या तीन वर्षांत विक्री खरोखर वाढली का, ग्राहकाकडून आलेली आगाऊ रक्कम किती, पुरवठा उशिरा झाल्याबद्दलच्या दंडापोटी तरतूद केली आहे का आणि येणे रक्कम साचत चालली आहे का, ते पाहावे. आगाऊ रकमेवर मिळणारे व्याज काही सरकारी कंपन्यांच्या नफ्यात लक्षणीय भर घालते. ते कारखान्यातले उत्पन्न नव्हे, म्हणून ते वेगळे काढून नफा पुन्हा मोजावा. शेवटी, काम थेट नेमणुकीने मिळाले की स्पर्धेतून, हेही नोंदवावे. मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या पाचव्या पिढीच्या एएमसीए या लढाऊ विमानाच्या अंमलबजावणीच्या आराखड्यात खासगी आणि सरकारी कंपन्यांना समान पातळीवर स्पर्धेची संधी दिली गेली. वर्षानुवर्षे नेमणुकीने काम मिळत आलेल्या कंपनीसाठी हा बदल एखाद्या मागणीपेक्षा मोठा आहे.

पुरवठादारासाठी दोन शब्द

लघुउद्योजकाचे गणित वेगळे असते, कारण भाव पडला म्हणून गुंतवणूकदार एका दिवसात बाहेर पडू शकतो, यंत्र घेतलेला कारखानदार पडू शकत नाही. डीएसीच्या स्वीकृतीवर विसंबून नवे सीएनसी यंत्र कर्जावर घेऊ नये. मुख्य कंपनीचा करार झाला आहे, तिच्याकडून लेखी मागणी आली आहे आणि पहिल्या नमुन्याची तपासणी केव्हा होणार हे ठरले आहे, एवढे हाती आल्यावरच कर्जाचा अर्ज भरावा. तपासणी, सुधारणा आणि पुन्हा तपासणी यांत जाणारा काळ हप्त्यांच्या वेळापत्रकात आधीच धरावा आणि बँकेकडून त्या काळापुरती हप्त्यांतून सूट मागून घ्यावी. एकूण विक्रीत संरक्षणाच्या कामाचा वाटा किती असावा याचा सर्वांना लागू पडणारा आकडा नाही. पण त्या कामाची बिले सहा महिने अडकली तरी कामगारांचा पगार मोटार, पंप किंवा रेल्वेच्या कामातून निघेल, इतपतच तो असावा.